घरच्या प्रक्षेपणासाठीं मॉनिटर कसा निवडावा

घरांतील मंगलकार्याचें किंवा गांवांतील व्याख्यानमालेचें थेट प्रक्षेपण ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. २०२० सालच्या टाळेबंदीनें जीं कामें आपणां सर्वांस सक्तीनें शिकविलीं, त्यांपैकींच हें एक. त्या वर्षीं मुंजी आणि साठीशांति चार माणसांत उरकाव्या लागल्या आणि बाकीच्या गोतावळ्यानें त्या हातांतल्या फोनवर पाहिल्या. टाळेबंदी गेली, चाल मात्र राहिली. कारण ज्या घरचीं मुलें न्यू जर्सी, लंडन किंवा मेलबर्न येथें स्थायिक झालीं आहेत, त्या घरीं कोणत्याहि कार्याचे आतां दोन मांडव पडतात, एक कार्यालयांत आणि दुसरा त्या लहानशा पडद्यावर.

कॅमेरा कोणता घ्यावा, माइक कोठें लावावा, यासंबंधीं सल्ला देणारे घरोघर भेटतात. परंतु कॅमेऱ्यानें टिपलेलें चित्र आपण स्वतः ज्यावर पाहतों, त्या मॉनिटरविषयीं कोणी अवाक्षर काढीत नाहीं. माळ्यावर जुना पडदा असतोच. तो काढावा, पुसावा आणि जोडावा, एवढाच विचार आम्हींहि केला होता. तो विचार आम्हांस किती महाग पडला हें आधीं सांगितलें पाहिजे, म्हणजे पुढील तपशील वाचकांस रुक्ष वाटणार नाहीं.

२०२१ च्या डिसेंबरांत आमच्या थोरल्या काकांचें सहस्रचंद्रदर्शन झालें. त्यांच्या पाठची बहीण, म्हणजे आमच्या आत्याबाई, न्यू जर्सीला मुलाकडे असतात. गुडघ्यांमुळें त्यांना एवढा प्रवास झेपण्यासारखा नव्हता. म्हणून संध्याकाळचा सत्कार आणि काकांचें भाषण त्यांना घरबसल्या दिसावें, अशी सर्वांची इच्छा. दोन कॅमेरे उसने आणले, चित्र बदलण्याची पेटी, जिला मुलें 'स्विचर' म्हणतात, तीहि आणली, आणि माळ्यावरचा एकोणीस इंची मॉनिटर एका बुटक्या टेबलावर ठेवून आमचा पुतण्या मागें उभा राहिला. व्यासपीठावर पांढरा पडदा होता आणि वर झगझगीत दिवे. पुतण्यास चित्र फार भगभगीत दिसूं लागलें, म्हणून त्यानें कॅमेऱ्याचें छिद्र एक घर लहान केलें, मग आणखी एक घर. त्याला समाधान वाटलें. काका वीस मिनिटें बोलले. वाड्यांतल्या विहिरीपासून आजोबांच्या रागापर्यंत सर्व कांहीं त्यांत आलें.

रात्रीं आत्याबाईंचा फोन आला. "कार्यक्रम छान झाला रे. दादाचा आवाज अगदीं स्वच्छ ऐकूं आला. तोंड तेवढें दिसलें नाहीं."

आम्हीं फीत दुसऱ्या पडद्यावर लावून पाहिली. पडदा राखी रंगाचा, पगडी करडी, आणि पगडीखालीं काळोख. त्या काळोखांतून आवाज येत होता. पुढें पावसाळ्यांत काका गेले. ती फीत उजळ करून देणारे भेटले. त्यांनीं यथाशक्ति प्रयत्नहि केला, परंतु चेहऱ्याच्या जागीं नुसते चौकोनी ठिपके हालतांना दिसले. कॅमेऱ्यानें जें टिपलेंच नाहीं, तें मागाहून कोठून आणणार?

चूक कोणाची, याचा आम्हीं पुढें निवान्तपणें शोध घेतला. कॅमेरा चांगला होता. पुतण्याची नजरहि चांगली होती. खोटें बोलत होता तो मॉनिटर. जुन्या आणि स्वस्त कार्यालयीन मॉनिटरांतील पडदा बहुधा 'टीएन' जातीचा असतो. तो समोरून ठीक दिसतो. परंतु वरून वांकून पाहिला तर चित्र फिकें आणि उजळ वाटतें, खालून पाहिला तर काळवंडतें. पुतण्या उभा, पडदा बुटक्या टेबलावर. त्यांत भर म्हणून कोणी तरी पूर्वीं त्या मॉनिटरचें तेज शंभरावर नेऊन ठेवलें होतें. छिद्राचें एक घर कमी केलें म्हणजे उजेड निम्मा होतो, दोन घरें कमी केलीं म्हणजे चतुर्थांश. पडद्यानें फसविलें म्हणून मुलानें आपल्या हातानें काकांच्या चेहऱ्यावरचा तीन-चतुर्थांश उजेड काढून टाकला.

तेव्हांपासून आम्हीं मॉनिटर हा विषय गांभीर्यानें घेतला आहे. घरांत दूरदर्शनचा संच घेतांना तो डोळ्यांस सुखवितो की नाहीं हें पाहणें योग्यच आहे. थेट प्रक्षेपणाचा मॉनिटर मात्र तराजूच्या जातीचा असतो. त्यानें वाईट चित्र वाईटच दाखविलें पाहिजे, कारण तें सुधारण्याची संधि त्या क्षणींच असते. कापून जोडण्यास पुढें वेळ मिळत नाहीं. धंदेवाईक प्रक्षेपणकेंद्रें यासाठीं जे प्रमाण-मॉनिटर वापरतात त्यांची किंमत कित्येक लाखांत जाते. तो मार्ग आपला नव्हे. परंतु थोडक्या पैशांत बव्हंशीं खरें बोलणारा पडदा मिळूं शकतो, असा आमचा अनुभव आहे. मात्र पैसा कोठें घालावा आणि कोठें घालूं नये, हें आधीं ठरविलें पाहिजे.

प्रथम, मॉनिटर किती हवेत? दुकानदार म्हणेल, जितके कॅमेरे तितके अधिक एक. वस्तुतः घरगुती कामास मुख्य मॉनिटर एकच लागतो. चार कॅमेऱ्यांचीं चित्रें एकाच पडद्यावर चौकटी पाडून दाखविण्याची सोय हल्लींच्या स्विचरांत असते. २०१९ सालीं ब्लॅकमॅजिक या कंपनीनें 'एटेम मिनी' नांवाचा लहान स्विचर काढला आणि हें काम प्रथमच सामान्य माणसाच्या आवांक्यांत आलें. त्या पहिल्या नमुन्यांत सर्व चित्रें एकत्र पाहण्याची सोय नव्हती. २०२० च्या 'मिनी प्रो'मध्यें ती आली. 'ओबीएस' हा फुकट मिळणारा संगणकीय कार्यक्रमहि तेंच काम करतो. येथें एक गोष्ट खरेदीपूर्वींच पाहून ठेवावी : पेटीला मॉनिटर जोडण्याचीं तोंडें किती आहेत? मिनी प्रोला एचडीएमआयचें बाहेर जाणारें तोंड एकच आहे. त्यावर एक तर चौकटी पाहाव्यात, नाही तर प्रेक्षकांकडे जाणारें एकच पूर्ण चित्र पाहावें. 'एक्स्ट्रीम' नांवाच्या मोठ्या नमुन्याला अशीं दोन तोंडें आहेत. हें न पाहतां दोन मॉनिटर घेऊन येणारे आणि दुसरा मॉनिटर खोक्यांतच ठेवणारे एक गृहस्थ आमच्या चांगल्या परिचयाचे आहेत; ते आमच्याच घरीं राहतात.

या मुख्य मॉनिटरसाठीं बहुतेक लोक बत्तीस इंची टीव्ही सुचवितात. तो स्वस्त पडतो, मोठा दिसतो आणि कार्य संपल्यावर दिवाणखान्यांत लावतां येतो. घरच्या स्त्रियांचा कौलहि साहजिकच त्याच्याकडे असतो. आमची त्यास सर्वस्वीं हरकत नाहीं, परंतु टीव्हीचे तीन दुर्गुण काढल्याखेरीज त्यावर विश्वास ठेवूं नये. पहिला हा कीं, पुष्कळ टीव्ही चित्राच्या चारी कडा थोड्या कापून उरलेलें चित्र ताणून दाखवितात. कांचेच्या जुन्या नळीच्या काळापासून चालत आलेली ही खोड आहे. तुमच्या पडद्यावर न दिसणारा पंख्याचा पाता किंवा कोणाची चप्पल अमेरिकेंत मात्र स्वच्छ दिसते. यंत्रणेच्या यादींत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असा पर्याय असतो, तो निवडावा. दुसरा दुर्गुण नटवेपणाचा. दुकानांत शेजारच्या संचांत उठून दिसावें म्हणून टीव्ही 'व्हिव्हिड' नांवाच्या भडक अवस्थेंत ठेवलेले असतात. त्यांत कुंकू लाल शाईसारखें आणि हळद पिवळ्या तेलरंगासारखी दिसते. 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ही अवस्था घ्यावी आणि आपोआप तेज बदलणारे, हालचाल गुळगुळीत करणारे सर्व उपचार बंद करावेत.

तिसरा दुर्गुण विलंबाचा, आणि तो डोळ्यांस पटकन् समजत नाहीं. टीव्ही आलेल्या चित्रावर आंतल्या आंत संस्कार करतो आणि मग दाखवितो. या संस्कारांस सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनहि अधिक वेळ लागूं शकतो. आपल्या पद्धतींत सेकंदास पन्नास चित्रें धरलीं तर एक चित्र सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचें. म्हणजे तुम्ही पाहतां तें चित्र चार-पांच चित्रांनीं शिळें असतें. तबल्याच्या समेवर कॅमेरा बदलूं पाहणाऱ्यास हा विलंब चांगलाच जाचतो. 'गेम मोड' या अवस्थेंत तो बराच कमी होतो. विलंब किती आहे हें पाहण्याची एक सोपी युक्ति आहे. एका फोनवर शतांश सेकंद दाखविणारें घड्याळ चालू करून तो कॅमेऱ्यासमोर धरावा आणि दुसऱ्या फोननें त्या घड्याळाचें व मॉनिटरवर दिसणाऱ्या घड्याळाचें एकत्र छायाचित्र काढावें. दोन आंकड्यांतील अंतर तेवढा विलंब. त्यांत कॅमेऱ्याचा आणि स्विचरचाहि वांटा असतो. म्हणून दोन मॉनिटरांची तुलना करावयाची तर बाकीची मांडणी तीच ठेवावी. ज्या टीव्हींत 'गेम मोड' नाहीं तो या कामास घेऊं नये.

आम्हीं स्वतः शेवटीं चोवीस इंची संगणकाचा मॉनिटर घेतला. सध्यां असा मॉनिटर दहा हजार रुपयांच्या आंतबाहेर मिळतो. त्यांत तीन गोष्टी आग्रहानें पाहिल्या. पडदा 'आयपीएस' जातीचा असावा. हा पडदा बाजूनें, वरून, खालून पाहिला तरी चित्राचा रंग आणि उजेड फारसा बदलत नाहीं. खोक्यावर १७८ अंशांचा आंकडा असतोच, त्यावर न विसंबतां दुकानांतच उभें राहून, बसून आणि बाजूस सरून पाहावें. शक्य तर एखादें सांवळ्या चेहऱ्याचें छायाचित्र लावून पाहावें. फुलांचीं आणि समुद्राचीं चित्रें सर्वच पडद्यांवर सुंदर दिसतात. दुसरें, 'एसआरजीबी' या रंगपरिमाणाचा जवळजवळ संपूर्ण, म्हणजे ९९ टक्के भाग, तो दाखवीत असल्याचा निर्मात्याचा निर्वाळा असावा. या परिमाणांतील लाल, हिरवा आणि निळा हे मूळ रंग आणि हायडेफिनिशन दूरचित्रवाणीसाठीं १९९० सालीं ठरलेल्या 'रेक ७०९' या आंतरराष्ट्रीय प्रमाणांतील मूळ रंग एकच आहेत. संगणकाचा मॉनिटर चित्रवाणीच्या कामास चालतो तो याच कारणानें. रंगांची व्याप्ति याहून मोठी असल्याची जाहिरात असेल तर भुलूं नये. तिला आवर घालण्याची सोय नसेल तर साधा शेंदूर आपोआप पेटलेला दिसतो.

तिसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं. मॉनिटर सेकंदास पन्नास चित्रें स्वीकारतो कां? आपल्याकडील वीज पन्नास आवर्तनांची आहे आणि आपल्या दूरदर्शननें पहिल्यापासून त्याच हिशोबाची पद्धति स्वीकारली. अमेरिकेंत वीज साठ आवर्तनांची, आणि संगणकाचे मॉनिटर सर्वसाधारणपणें साठाच्या हिशोबानेंच बांधलेले. कॅमेरा आपण पंचवीस किंवा पन्नासावर ठेवतों, आणि ठेवावाच. शटर पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर असलें म्हणजे कार्यालयांतील नळीचे दिवे चित्रांत लुकलुकत नाहींत. परंतु कांहीं मॉनिटर असें चित्र आलें कीं काळे पडतात आणि 'मर्यादेबाहेर' अशी पाटी दाखवितात. म्हणून दुकानांत जातांना स्वतःचा कॅमेरा आणि केबल बरोबर न्यावी आणि पन्नासावर ठेवून जोडून पाहावी. दुकानदार कपाळास आठ्या घालतो, पण पाहूं देतो. परदेशांतील नातलगांची मात्र काळजी नको. इंटरनेटवरून गेलेलें पंचवीस किंवा पन्नास चित्रांचें प्रक्षेपण त्यांच्या फोनवर विनातक्रार दिसतें.

मॉनिटर घरीं आणला म्हणजे काम झालें असें नव्हे. तंबोरा विकत आणला तरी तो लावावा लागतोच. सर्वांत आधीं काळ्याचा आणि पांढऱ्याचा हिशोब जुळवावा. चित्रवाणीच्या आठ बिटांच्या हिशोबांत काळा रंग १६ या आंकड्यावर असतो आणि पांढरा २३५ वर. संगणकाच्या हिशोबांत काळा ० आणि पांढरा २५५. कॅमेरा एका हिशोबानें बोलला आणि मॉनिटर दुसऱ्या हिशोबानें ऐकूं लागला कीं घोटाळा होतो. एका प्रकारें काळें केस राखेसारखे दिसतात. उलट प्रकारें केस, काळा कोट आणि सावली यांचा एकच गोळा होतो. पाहणारा मग कॅमेऱ्याशीं झटत बसतो, जरी दोष केवळ या भाषांतराचा असतो. मॉनिटरच्या यादींत 'आरजीबी रेंज' किंवा 'ब्लॅक लेव्हल' असा पर्याय शोधावा आणि दोहोंचा मेळ घालावा.

नंतर रंगपट्ट्या लावाव्यात. दूरदर्शनवर पूर्वीं कार्यक्रम नसतांना उभ्या रंगीत पट्ट्या दिसत, त्या वाचकांपैकीं वडीलधाऱ्यांच्या स्मरणांत असतील. मुलांस वाटे कीं संच बिघडला. त्या पट्ट्या संच लावण्याचेंच साधन होतें. एसएमपीटीई या संस्थेच्या पट्ट्यांचें चित्र सहज मिळतें, तें स्विचरमधून मॉनिटरवर आणावें. खालच्या उजव्या बाजूस काळ्या पट्टींत तीन अरुंद उभ्या रेघा असतात. एक काळ्याहून काळी, एक बरोबर काळी आणि एक किंचित् उजळ. मॉनिटरचा ब्राइटनेस असा ठेवावा कीं उजवीकडील उजळ रेघ अगदीं पुसट दिसावी आणि बाकीच्या दोन भोंवतालच्या काळ्यांत मिसळून जाव्यात. हें करतांना मॉनिटर जेथें आणि ज्या उजेडांत वापरावयाचा तेथेंच ठेवावा. खिडकीसमोर लावलेला मॉनिटर रात्रीं निरुपयोगी ठरतो. रंगाचें तापमान ६५०० केल्विनवर ठेवावें. त्यास पुष्कळ मॉनिटरांत 'वॉर्म' म्हणतात, आणि दुकानांतील निळसर पांढऱ्यास सरावलेल्या डोळ्यांस तें दोन दिवस पिवळट वाटतें. पुठ्ठ्याला काळा कागद चिकटवून मॉनिटरच्या तिन्ही कडांस छपरी केली तर वरच्या दिव्यांची चकाकी टळते. हा खर्च आम्हांस चाळीस रुपये आला.

पडद्यावर ठेवून रंग मोजणारें उपकरणहि मिळतें. 'स्पायडर' आणि 'कॅलिब्राइट' हीं त्यांतील प्रसिद्ध नांवें. एखाद्या छायाचित्रकाराकडून एक दिवस उसनें आणावें हें उत्तम. परंतु त्यांत एक मेख आहे. हें उपकरण जी दुरुस्ती करतें ती बहुधा संगणकांत नोंदली जाते, मॉनिटरमध्यें नव्हे. कॅमेरा किंवा स्विचर थेट मॉनिटरला जोडला कीं ती दुरुस्ती बाजूलाच राहते. त्याचा उपयोग एवढाच कीं, उपकरण दाखवील त्याप्रमाणें मॉनिटरचीं स्वतःचीं बटणें फिरवून शक्य तितकें जवळ जावें.

एवढें करूनहि डोळा फसतो, आणि याच ठिकाणीं आमचें मत बाजारच्या मताहून वेगळें आहे. मोठ्या पडद्यावर जास्त पैसे घालण्यापेक्षां तेच पैसे कॅमेऱ्यावर बसणाऱ्या पांच-सात इंची लहान मॉनिटरवर घालावेत. आकारमानानें हा मॉनिटर महाग वाटतो, दहा-पंधरा हजारांस पांच इंच म्हटलें कीं घरांत भुंवया उंचावतात. परंतु त्यांत मोजण्याचीं साधनें असतात, आणि तीं साध्या टीव्हींत मिळत नाहींत. 'वेव्हफॉर्म' हा आलेख चित्राच्या प्रत्येक भागाचा उजेड शून्यापासून शंभरापर्यंत मांडून दाखवितो. पडद्याचें तेज कमी असो वा जास्त, पाहणारा उभा असो वा बसलेला, आलेख बदलत नाहीं. पांढरें उपरणें शंभराच्या आंत राहिलें पाहिजे, आणि चेहरा? गव्हाळ चेहऱ्याचा उजळ भाग आम्ही पन्नास ते साठाच्या दरम्यान ठेवतों, सांवळा असल्यास त्याहून थोडा खालीं. काकांच्या फितीचा आलेख आम्हीं मागाहून काढून पाहिला. त्यांचा चेहरा पंधरावर होता. त्या दिवशीं असा एक आलेख समोर असता तर दहा वर्षांच्या मुलासहि तो वाचतां आला असता.

याच लहान मॉनिटरांत 'पीकिंग' असतें. ज्या कडा स्पष्ट टिपल्या जात आहेत त्यांना तें रंगीत रेघ लावून दाखवितें. चौकटींच्या पडद्यावर प्रत्येक चित्र लहान होतें, त्यामुळें डोळ्यांतली बाहुली स्पष्ट आहे कीं मागचा पडदा, हें तेथें कळत नाहीं. तें कॅमेऱ्याजवळच पाहिलें पाहिजे. घेतांना चकतीच्या प्रकाशाचा आंकडा 'निट्स'मध्यें पाहावा. कार्यालयांत तीनचारशें पुरतात, परंतु अंगणांत उन्हांत चित्रीकरण असेल तर हजाराच्या खालचा मॉनिटर आरशासारखा आपलेंच तोंड दाखवितो. सोनीच्या 'एनपी-एफ' जातीची बॅटरी चालणारा मॉनिटर घ्यावा. ती सर्वत्र मिळते आणि शेजाऱ्यांकडून मागतां येते.

केबलीविषयीं दोन शब्द पुरेत. एचडीएमआयची साधी केबल दहा-पंधरा मीटरांपलीकडे भरंवशाची राहत नाहीं, आणि तिला अडकवण नसल्यामुळें पंगतीला जाणाऱ्या एका पायानें ती निघून येते. लांबच्या कॅमेऱ्यासाठीं एसडीआय ही पद्धत चांगली. तिची केबल फिरवून अडकते आणि हायडेफिनिशनचें चित्र शंभर मीटरांच्या आसपास नेते. परंतु एसडीआयचे मॉनिटर महाग असतात. त्याऐवजीं लहान रूपांतरक घ्यावा आणि मॉनिटर एचडीएमआयचाच ठेवावा. कॅमेऱ्याचें एचडीएमआय तोंड फार लहान आणि नाजूक असेल तर केबल कॅमेऱ्याच्या पट्ट्यास दोरीनें बांधून टाकावी. दुरुस्तीचा खर्च ऐकल्यावर ही दोरी प्रत्येकास आठवते.

वक्त्यासमोर किंवा गायकासमोर ठेवावयाच्या पडद्यावर एक पैसाहि घालूं नये. त्यावर दूरच्या नातलगांचीं तोंडें दिसलीं कीं झालें. रंग कसाहि असो. आमचा तो एकोणीस इंची मॉनिटर आतां तेंच काम करतो. तो समोर, डोळ्यांच्या पातळीवर ठेवला तर त्याच्यांत कांहीं दोष नाहीं.

प्रेक्षकांस शेवटीं काय दिसतें, हें फोनवर पाहण्याची मुलांस घाई असते. जरूर पाहावें, परंतु तें चित्र अर्ध्या मिनिटानें शिळें असूं शकतें. त्यावरून आवाज पोचतो आहे एवढी खात्री करावी. उजेड आणि रंग ठरवावयाचे ते मॉनिटरवर आणि आलेखावर. आणखी एक शिस्त आम्हीं घरांत घातली आहे. मॉनिटर एकदां लावला कीं त्याच्या बटणांवर चिकटपट्टी मारावयाची. चित्र काळें दिसलें तर कॅमेरा उघडावयाचा, दिवा वाढवावयाचा. मॉनिटर उजळ करावयाचा नाहीं. या नियमावरून दोनदां वाद झाले आहेत.

गेल्या वर्षीं त्याच पुतण्याच्या धाकट्या भावाची मुंज झाली. चोवीस इंची मॉनिटर या खेपेस खांद्याइतक्या उंचीवर, पुठ्ठ्याची छपरी लावून ठेवला होता, आणि कॅमेऱ्यावर पांच इंची. पुतण्या आलेखावर बोट ठेवून उभा होता आणि मातृभोजनाच्या वेळीं खिडकींतून ऊन आलें तेव्हां त्यानें कॅमेरा न हालवितां पडदा ओढून घ्यावयास सांगितलें. काकूंनीं आजीचें जुनें अमसुली लुगडें काढून नेसलें होतें. तें जुनें असल्याचें कोणास सांगितलेलें नव्हतें. तासाभरानें न्यू जर्सीहून फोन आला. बटूचें कौतुक नाहीं, जेवणाची चौकशी नाहीं, आत्याबाईंनीं पहिलाच प्रश्न केला, "अरे, वहिनीनें नेसलेलें तें आमच्या आईचें ना? तिला तो रंग दादानें पहिल्या पगारांतून आणला होता."